सौदा दोघांचा असतो

जुनी गाडी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. सल्ला चांगलाच आहे. माझे अब्बा आधी रत्नागिरी जिल्ह्यात आणि नंतर कुवेतमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले. तेही हेच सांगायचे. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. विकणारा तेवढा संशयित, आणि घेणारा मात्र बिचारा. दोन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये मी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा या व्यवहाराची दुसरी बाजू समोर आली. ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

आधी गाडीविषयी. छोट्या, उघड्या, दोन आसनांच्या स्पोर्ट्स कार ही एकेकाळी इंग्लंडची खासियत होती. एमजी, लोटस ही त्यातली गाजलेली नावे. १९८० मध्ये एमजीबी ही गाडी बंद झाली आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी अशी गाडी जवळजवळ दिसेनाशी झाली. ती उणीव भरून काढली जपानने. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ दाखवली. इंजिन अवघे १.६ लिटरचे, वजन एक टनाच्या आत, ताकद मागच्या चाकांना, आणि दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. वेगाने डोळे दिपवणारी ही गाडी नव्हे. पण वळणावर ती चालवणाऱ्याच्या मनातले ओळखते. २०१६ मध्ये या गाड्यांचा दहा लाखांचा टप्पा पार पडला. बेडूकडोळ्यांची पहिली पिढी मात्र १९९७ मध्येच थांबली. मला हवी होती ती तीच.

घरात विषय काढला तेव्हा पत्नीने एकच प्रश्न विचारला. "चार माणसांच्या घरात दोन आसनांची गाडी? उरलेल्या दोघांनी मागून धावायचं का?" मुले हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी तीन वर्षे ओव्हरटाइमचे पैसे वेगळे ठेवत आलो होतो. हप्ते नकोत, व्याज नको, घरची मोठी गाडी आहे तशी राहील, एवढे मी सांगितले. तिने अट घातली. "चार हजार पौंडांच्या वर एक पौंडसुद्धा नाही. आणि गाडी बघायला मी बरोबर येणार."

इथे एखाद्या खासगी माणसाकडून गाडी घेताना कायदा फारसा मदतीला येत नाही. विक्रेत्याने गाडीचे वर्णन खोटे करायचे नाही, हे मुख्य बंधन असते. बाकी तपासणी घेणाऱ्याने करायची. त्यासाठी काही सोयी मात्र चांगल्या आहेत. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचे निकाल सरकारी वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येतात. गाडीवर कर्ज थकलेले आहे का, हे थोडे पैसे भरून कळते. लॉगबुकवर नाव असले म्हणजे तो माणूस मालक असतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या गाडीचा खरा शत्रू गंज. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. शिवाय कापडी टपावर पडलेले पावसाचे पाणी आसनांमागच्या दोन भोकांतून खाली जाते. त्या भोकांत पालापाचोळा अडकला की पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचते आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग चकचकीत, आत चाळणी. म्हणून मी खिशात एक लोहचुंबक आणि रुमाल घेऊन जायचो. रुमालावरून चुंबक फिरवायचा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. असे मी पाच गाड्यांवरून चुंबक फिरवले आणि पाचही वेळा सलाम करून परत आलो.

सहावी गाडी श्रॉपशायरमधल्या एका खेड्यात होती, बर्मिंगहॅमहून तासा-दीड तासाच्या अंतरावर. विकणारे गृहस्थ सत्तरीतले, निवृत्त सुतारकामाचे शिक्षक. गाडी त्यांच्याकडे एकवीस वर्षे होती. मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते थंड होते. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल तर सुरू होतानाचे आवाज लपतात. हे गृहस्थ म्हणाले, "मुद्दाम सुरू केलेली नाही. पहिल्या मिनिटाला टकटक ऐकू येईल, नंतर थांबेल. थांबली नाही तर घेऊ नका." टकटक आली आणि थांबली.

मी चुंबक काढण्याआधीच त्यांनी एक जाड फाईल माझ्या हातात दिली. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कोणत्या तेलाने गिअर नीट पडत नव्हते, सगळे तारखेनिशी लिहिलेले. डाव्या बाजूच्या वेल्डिंगचे फोटो होते. "हे काम एका गॅरेजने वाईट केले आहे," ते म्हणाले. "नव्या पत्र्याखाली जुना गंज तसाच ठेवला. वर्षभरात पुन्हा करावे लागेल. तो खर्च मी किमतीतून आधीच कमी केला आहे." किंमत होती ३,९०० पौंड.

चहाच्या वेळी कळले की त्यांच्या पत्नीला आता जिना चढवत नाही. खाली एक न्हाणीघर बांधायचे होते, गाडीचे पैसे त्यात जाणार होते. माझी पत्नी त्या बाईंशी गुडघ्यांच्या दुखण्याविषयी बोलत बसली. तिच्या चेहऱ्यावरून मला समजले, गाडी पास झाली.

निघताना ते मला गॅरेजच्या आतल्या भागात घेऊन गेले. तिथे आढ्याला दोऱ्या बांधून, जुन्या चादरीत गुंडाळून काहीतरी टांगलेले होते. चादर काढली, तर आत या गाडीचा पक्का टप. हिवाळ्यात कापडी टपाऐवजी तो बसवला की गाडीत ऊब राहते. मूळ कंपनीचा, काच शाबूत, रंगही गाडीचाच. "हाही घेऊन जा," ते म्हणाले. "भंगारात निघालेल्या एका गाडीवरून साठ पौंडांना घेतला होता. मला आता ही जागा मोकळी हवी आहे."

मी कित्येक महिने या टपांच्या किमती बघत होतो. असा टप त्या दिवशी वेगळा विकला असता तर सातशे-आठशे पौंड सहज आले असते. त्या गृहस्थांना गाडीचा प्रत्येक बोल्ट माहीत होता. टपाचा भाव मात्र मधल्या वर्षांत कुठे गेला, हे माहीत नव्हते. माझ्याकडे ठरलेल्या रकमेतले शंभर पौंड उरत होते. पत्नी शेजारीच उभी होती. रात्री जेवताना टपाचा भाव तिने माझ्याच तोंडून ऐकलेला होता. तिने माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही.

अशा जागी गप्प बसणे फार सोपे असते. मी काही खोटे बोलत नाही, तेच आपणहून देत आहेत, मागितले कोणी? कायदाही घेणाऱ्याला काही विचारत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर आणणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. ओले धान्य वर ठेवा, लोकांना दिसू द्या, हा तिचा धडा आपल्याला पाठ आहे. तो विकणाऱ्यासाठी. पण बुखारी शरीफमध्ये आणखी एक हदीस आहे. तिच्यात विकणारा आणि घेणारा या दोघांचे नाव एकत्र येते. दोघे खरे बोलले, जे आहे ते उघड केले, तर त्या सौद्यात बरकत. दोघांनी लपवले तर बरकत गेली. तिच्यातल्या घेणाऱ्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. घेणाऱ्याकडे लपवण्यासारखे असते तरी काय? त्या गॅरेजमध्ये मला ते कळले. त्याच्याकडे असते त्याची माहिती. एका माणसाने आपल्या गाडीचा गंज मला स्वतःहून दाखवला होता. माझ्या हातात दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या टपाची किंमत.

मी सांगितली. ते थोडा वेळ टपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं असेल तर मला तो फुकट देता येणार नाही. तुम्ही घेणार का?" मी म्हणालो, मला परवडणार नाही. त्यांनी चादर पुन्हा नीट गुंडाळली. ना त्यांनी भाव कमी केला, ना मी घासाघीस केली. बँकेतून पैसे गेले, लॉगबुकची चिठ्ठी फाडली. रस्त्याचा कर जुन्या मालकाकडून नव्याकडे येत नाही, म्हणून तो तिथेच फोनवरून भरला आणि निघालो. पत्नी तिच्या गाडीने मागून येत होती. घरी पोहोचल्यावर मुलांना म्हणाली, "तुमच्या वडिलांनी बिनटपाची गाडी आणली, आणि मिळत असलेला टप तिथंच ठेवून आले." पण त्या रात्री तिने खीर केली.

महिन्याभराने त्या गृहस्थांचा फोन आला. टप साडेसातशेला गेला होता. न्हाणीघराचे काम सुरू झाले होते. एवढेच सांगायला फोन केला, म्हणाले.

त्या हिवाळ्यात कापडी टपाखाली आम्ही चांगलेच कुडकुडलो. मुलगी मांडीवर शाल घेऊन बसायची. डाव्या बाजूचे वेल्डिंग आठ महिन्यांनी पुन्हा करावे लागले. खर्च त्यांनी सांगितला होता त्याच्या जवळपासच आला. विकणाऱ्याने सांगितलेला दोष आणि निघालेला दोष तोच असणे, यासारखे सुख जुन्या गाडीच्या मालकाला क्वचितच मिळते.

ती जाड फाईल आता माझ्याकडे आहे. त्यांच्या अक्षरातली पाने संपली तिथून माझे मराठी-इंग्रजी खरडणे सुरू होते. वेल्डिंगचे बिल लावले आहे, आसनांमागची भोके कधी साफ केली त्याच्या तारखा आहेत. उद्या ही गाडी कोणी घ्यायला आला, तर ती फाईल मी चहाच्या आधी त्याच्या हातात देईन. गेल्या आठवड्यात एक नवी नोंद केली : जोराच्या पावसात टपाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी येते, कारण अजून सापडलेले नाही.