घाटाखालून बोटीवर

रायगड म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येतं. कर्जत आणि खालापूर त्याच जिल्ह्यातले. पण इथल्या माणसाला समुद्रापेक्षा घाट जवळचा. आमचं पाणी तेवढं समुद्राला जातं. उल्हास नदी कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. खोपोलीच्या टाटा वीजघरात वीज करून सुटलेलं पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत उतरतं. माणसं मात्र लोकलनं मुंबईला जातात, काम उरकतात आणि समुद्राकडे न बघता परत येतात. अशा मुलखात मी टूरचा धंदा करते आणि गेली काही वर्षं त्यात क्रूझही विकते.

येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, बाल्कनीवाली रूम कितीला?’ मी वही पुढे ओढते आणि उलट विचारते, कोण कोण येणार? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचे गुडघे कसे आहेत? खंडाळ्याच्या घाटात कुणाला गाडी लागते? भात कधी घरात येतं? माणूस जरा वैतागतो. पण हॉटेल आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघता येतं, जहाजातून उतरता येत नाही. म्हणून घरातलं सगळ्यात कच्चं माणूस आधी धरायचं आणि त्याच्या बेतानं तारीख, खोली, मार्ग ठरवायचा. उलट केलं तर पैसे तेवढेच जातात, आणि आजी तीन दिवस खोलीत बसून राहतात.

कच्चं म्हणजे फक्त तब्येतीनं नव्हे. आमच्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी रामदास बोटीची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. 17 जुलै 1947 ला, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट वाटेत कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी कळेपर्यंत सगळं संपलं होतं. ‘मला नको ती बोट’ असं एखादी आजी म्हणाली की नातवंडं हसतात. हसू नये. तिला दोन गोष्टी नीट सांगाव्यात. एक, ऐन पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ सहसा सुटत नाही. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीनं तर पावसाळ्यात आपलं जहाज चेन्नईला नेऊन श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या आहेत. दुसरी गोष्ट आणीबाणीच्या कवायतीची, तिच्याकडे पुढे येतेच.

मुंबईच्या क्रूझचा इतिहास तसा अलीकडचा आणि थोडा धरसोडीचा. कोकणची जुनी प्रवासी बोट बंद पडून बरीच वर्षं लोटल्यावर 2018 च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई–गोवा सुरू झाली. 2019 मध्ये ‘कर्णिका’ आली. आज दोन्ही नाहीत. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ आहे. जहाज नवं नाही, 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं आहे, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकते. इंटरनेटवर अमेरिकेतल्या अवाढव्य जहाजांचे व्हिडिओ बघून आलेल्याचा मग चढल्या चढल्या विरस होत नाही.

आता तारीख. पावसाळा वगळला तरी ऑक्टोबर ते मे सगळा समुद्र सारखा नसतो. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना अरबी समुद्रात वादळं उठतात: 2019 च्या ऑक्टोबरात क्यार, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते. 3 जून 2020 च्या निसर्गनं आपल्या जिल्ह्यात घरांवरचे पत्रे कसे उडवले ते सांगायला नको. म्हणजे शाळांना सुट्टी असते तो मे महिना नेमका माझ्या यादीत शेवटी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र बहुतेक शांत असतो. त्यात आमचं पंचांग बसवायचं. हळवं भात आधी निघतं, गरव्याची झोडणी दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न लागलं की हळदी आणि लग्नं. मार्गशीर्षातले गुरुवार घरातली बाई पाळत असेल तर गुरुवार बोटीवर येऊ देऊ नका. बुफेत एका टोकाला व्रताचं काय चालेल ते शोधत ती फिरते आणि दुसऱ्या टोकाला घरचे कोळंबीवर ताव मारतात, यात तिची कसली सहल? फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. नाताळ ते 31 डिसेंबर दर चढतात आणि डेकवर रात्रभर डीजे. उरतो डिसेंबरचा मधला आठवडा आणि जानेवारी. म्हैस असेल तर धारा कोण काढणार तेही आत्ताच ठरवा, कारण किनारा सुटल्यावर फोनची रेंज जाते आणि बोटीवरचं वाय-फाय महाग पडतं. फोन विमान मोडवर टाकलेला बरा; नाहीतर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

मार्गाचंही तेच. लक्षद्वीपचा फोटो बघून सगळे भुलतात. पण आगत्तीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते बाहेर उभं राहतं आणि तिथून लहान बोटीनं न्यावं लागतं. हलत्या बोटीत पाऊल टाकताना गुडघ्यांची परीक्षा होते. गुडघे बदलायला झालेले आजोबा बरोबर असतील तर पहिल्या खेपेला गोवा: जहाज धक्क्याला लागतं, जिना उतरला की जमीन. मला स्वतःला गोव्यापर्यंतच बोट आणि परत रेल्वे हा बेत फार आवडतो. मडगावला मांडवी किंवा जनशताब्दी पकडायची आणि पनवेलला उतरायचं. पनवेलहून कर्जत-खोपोली काय लांब? शिवाय कोकण दोन्ही अंगांनी बघून होतो, एकदा समुद्राकडून, एकदा बोगद्यांमधून.

खोलीबद्दल माझं मत ठाम आहे. आठ-दहा जणांच्या कुटुंबानं सगळ्यांना बाल्कनी घेऊ नये. एक बाल्कनी घ्यावी, बाकी आतल्या खोल्या, शक्यतो त्याच बोळात. बाल्कनीत दिवसभर सगळ्यांचा अड्डा जमतो आणि झोपायला जो तो आपल्या खोलीत. मात्र आतल्या खोलीत म्हाताऱ्यांना ठेवू नका. तिला खिडकी नसते. पहाटे चारला उठायची सवय असलेल्या माणसाला तिथे दिवस उजाडला की रात्र आहे, काहीच कळत नाही. उठतं, दिवा लावतं, पुन्हा आडवं होतं. मुलांना ती खोली अगदी योग्य, दहापर्यंत झोपतात. बोट लागण्याची भीती असेल तर खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागावी. हेलकावा तिथे सगळ्यात कमी. वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त. गंमत म्हणजे महागड्या खोल्या बहुधा वरच असतात.

ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोट लागू शकते, हे धरून चालायचं. महिनाभर आधी एका रविवारी त्याला गेटवेवरून मांडव्याच्या लाँचनं फिरवून आणा. भाऊच्या धक्क्यावरची रो-रो मोठी आणि स्थिर, तिच्यावर परीक्षा होत नाही. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गाडी लागू नये म्हणून देतात त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या चालत नाहीत, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. शिवाय पोट ढवळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी. ती आधी पोटात हवी. त्रास वाटलाच तर खोलीत पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसावं. गरोदर बाईला चोवीस आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत, तेव्हा बारशाच्या उत्साहात बुकिंग करू नये.

कागदपत्रांत देशातल्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. भानगड नावाची होते. नव्या सुनेचं आधार माहेरच्या नावाचं आणि सासूबाई बुकिंगला कौतुकानं सासरचं नाव सांगतात. धक्क्यावरच्या तपासणीत कौतुक चालत नाही. एखाद्या आजीच्या आधारवर नावापुढे ‘बाई’ असतं, मतदान कार्डावर नसतं. म्हणून मी नावं तोंडी घेतच नाही. आधारचा फोटो मागते आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवते.

निघायचा दिवस हा या सगळ्यातला खरा अवघड दिवस. जहाज लोकलसारखं नसतं, पुढचं पंधरा मिनिटांनी येत नाही. आणि सुटण्याच्या बरंच आधी प्रवेश बंद होतो. रविवारची फेरी असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी बघा. आठवड्यातल्या दिवशी सकाळच्या मुंबईकडच्या गर्दीत चार मोठ्या बॅगा आणि आजी घेऊन चढण्याचा विचारही करू नका. गर्दी ओसरल्यावरची गाडी धरा, सीएसएमटीहून बॅलार्ड पिअरला टॅक्सीनं थोडाच वेळ लागतो. खालापूर-खोपोलीकडच्यांना जानेवारी 2024 पासून अटल सेतू झाला आहे. शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवेनं गेलं की गोदीच्या दाराशी. 2025 मध्ये तिथलं नवं क्रूझ टर्मिनल सुरू झालं, बसायला ऐसपैस जागा आहे. तरी मी दोन-तीन तास आधी पोचायला सांगते. कर्जतचा वडा वाटेतच संपवा, कारण शिजवलेलं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि खोलीत कधीकधी संध्याकाळी पोचतात. म्हणून बीपी-साखरेच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्रं, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री, विजेची किटली नको. निरांजन-उदबत्तीही नको. समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, त्यामुळे देवाचा फोटो न्या, पूजा फुलांवर भागवा.

खोलीत शिरल्यावर ज्येष्ठांना दोन गोष्टी हाताला धरून दाखवाव्यात. बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चांगला उंच, रात्री ठेच लागते. आणि संडासचं बटण दाबलं की पाणी वाहत नाही, हवेच्या दाबानं सगळं खेचलं जातं. आवाज असा येतो की पहिल्यांदा ऐकणारा दचकून बाहेर येतो. कपाटात किंवा पलंगाखाली लाइफ जॅकेट असतात. ती मोजा, मुलांच्या मापाची नसतील तर लगेच मागा.

त्यानंतर ती कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा. तो वाजला की चढताना मिळालेल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली, बत्तीस माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण नियमात चोवीस तासांची मुभा होती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आपली मंडळी नेमकी त्याच वेळी बुफेत असतात. मी आजीला पहिल्या रांगेत उभं करायला सांगते. रामदासची भीती घालवायला याहून दुसरं औषध माझ्याकडे नाही. सगळी यंत्रणा तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीतला दर खोलीत दोघं धरून एकाचा असतो. त्यात बंदर शुल्क आणि जीएसटी मिळवा. तिसऱ्या-चौथ्याला बहुधा कमी पडतं. जेवण धरलेलं असतं. दारू, स्पा, किनाऱ्यावरची सहल, डॉक्टर धरलेले नसतात. बोटीवर रोकड चालत नाही, सगळं त्या बोटीच्या कार्डावर चढतं. पोराटोरांच्या कार्डावर खर्चाची सोय बंद करून घ्या.

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे त्यात भरून टाकू नका, ही सूचना मी ठळक अक्षरांत छापून देते. उतरल्यावर बहुतेक कुटुंबं पुढच्याच महिन्यात सिंगापूरची चौकशी करायला येतात. तिथे जहाजं मोठी आणि नवी, जैन जेवणसुद्धा मिळतं. फक्त पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा, आणि जहाज फिरून पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना ते बघून घ्यायचं. पासपोर्टचा अर्ज मात्र उन्हाळ्यातच करून टाका. नाहीतर पडताळणीचा फोन हमखास लावणीच्या दिवसांत येतो आणि फोन घरी मांडणीवर असतो.