कपाटांची घराणी

ख्याल गाणाऱ्यांची घराणी गुरूंवरून पडली, तशी आमच्या वऱ्हाडात ख्याल ऐकणाऱ्यांची घराणी कपाटांवरून पडली. अमरावतीत ज्यांच्या कपाटात भीमसेन जोशी आणि हिराबाई बडोदेकर होत्या, त्यांच्याकडे जाणारी-येणारी सगळी मंडळी किराणा घराण्याची. अकोल्याच्या एका बँकवाल्या गृहस्थांनी मुंबईहून बदलून येताना केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर असा ऐवज ट्रंकेत भरून आणला, आणि त्यांची अख्खी गल्ली जयपूरची झाली. कुणी बसून, विचार करून बाजू निवडली नव्हती. जे हाती आलं ते ऐकलं, ऐकून ऐकून आवडलं, आणि आवडलं म्हटल्यावर त्याच्यासाठी भांडणं आलंच. पुढे आम्ही या आवडीला 'आमचे संस्कार' वगैरे म्हणू लागलो. खरं तर ती कुणाच्या तरी बदलीची ऑर्डर होती.

पुण्या-मुंबईच्या रसिकाला हे चटकन पटत नाही. त्याला गवई समोर बसलेला मिळतो. आवडला नाही तर पुढच्या आठवड्यात दुसरा. आमच्याकडे मैफली होत नव्हत्या असं नाही, पण त्यांच्यावर वर्ष निघत नसे. वर्ष निघायचं ते रेडिओवर आणि उसनवारीवर. १९५२ पासून आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम होता, आणि तो लागला की घरातल्या बाकीच्यांनी झोपायचं किंवा गप्प बसायचं. पुढे टेपरेकॉर्डर आले तेव्हा रेडिओसमोर मायक्रोफोन ठेवून मुद्रण करणारे वीर निघाले. अशा एका मुद्रणात द्रुत सुरू होता होता कुणीतरी आतून दूध उतू गेल्याची आरोळी ठोकलेली आहे. तो राग मी अजूनही त्या आरोळीशिवाय ऐकू शकत नाही.

कॅसेट आली आणि देवाणघेवाणीला खरा रंग चढला. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. मैफलीतला ख्याल काही तीस मिनिटांच्या मापानं गायलेला नसतो, त्यामुळे कॉपी करून देणाऱ्याला ठरवावं लागे: आलापीचा संथ भाग कापायचा, की द्रुत सोडून द्यायचं? या कापाकापीवरून माणूस कळायचा. किराणावाले आलापीला हात लावत नसत. जयपूरवाल्यांना तानेची गुंतागुंत संपूर्ण हवी असे. मग कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे घरातल्या कुणी तिच्यावर सिनेमाची गाणी भरायला नको. वर बॉलपेननं राग, ताल आणि शक्य झालं तर साथीदार. तारीख माहीत असली तर ती एवढ्या ठळक अक्षरात, की जणू लिहिणारा स्वतः तिथे तबल्यावर होता.

उस्ताद अमीर खाँ यांच्या मारवा-दरबारीच्या तबकडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती तबकडी १९६० ची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अकोल्याच्या त्या गृहस्थांकडे मूळ तबकडी होती; माझ्यापर्यंत आली ती कॅसेटच्या कॅसेटची कॅसेट. प्रत्येक कॉपीत थोडी सरसर वाढायची आणि एकेका यंत्राची गती किंचित मागेपुढे असायची, त्यामुळे माझा मारवा मूळ पट्टीच्या जवळजवळ अर्ध्या सुरानं वर चढलेला होता. झुमऱ्याची लयही तेवढीच पुढे सरकलेली. ऐकताना यातलं काही जाणवलं नाही. मारव्यात पंचम नाही, आणि गवई षड्जही असा टाळत राहतो की तो आला म्हणजे ऐकणाऱ्याचाच जीव खाली बसतो. तेवढं सगळं त्या सरसरीतूनही पोचलं. पुष्कळ वर्षांनी मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा खाँसाहेब म्हातारे झाल्यासारखे वाटले. आवाज जड, चाल सावकाश. आता कानाला दोन्ही मारवे ठाऊक आहेत, आणि तो चढा, खोटा मारवा टाकून द्यायला मन होत नाही.

कॅसेट परत करायला जाणं ही तोंडी परीक्षाच असे. अकोल्याचे गृहस्थ चहा पुढे करत आणि थेट विचारत, "छान आहे हे मले नको सांगू. कुठी छान आहे ते सांग." इथे भलेभले अडकायचे. 'भावपूर्ण', 'कसदार' असले शब्द त्यांच्यापुढे चालत नसत. जागा दाखवावी लागे, म्हणजे पुन्हा कॅसेट लावून, मागेपुढे करून, नेमकी ती मींड सापडवावी लागे. ती त्यांना मान्य झाली तरच पुढची कॅसेट. ऐकायला शिकवणारा याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही, आणि त्यांना स्वतःला 'सा' लावता येत नव्हता.

अमरावती आणि अकोला यांच्या अधेमधे मूर्तिजापूर आहे. बडनेऱ्याला गाडी धरली की वाटेत लागतंच. वसंतराव देशपांडे यांचा जन्म तिथला, २ मे १९२० चा. कवी अनिलही मूर्तिजापूरचेच, आणि अनिलांचं 'कुणी जाल का' वसंतरावांनीच गायलं. वसंतराव लहानपणी नागपूरला गेले, सप्रे गुरुजींकडे शिकले, लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला, पुण्यात सुरेशबाबू माने यांच्याकडे बसले, भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांच्याकडेही गेले, आणि या सगळ्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. अशा माणसाला कोणत्या कपाटात ठेवणार? किराणावाले म्हणत, ताना फार. जयपूरवाले म्हणत, शिस्त नाही. पण त्यांच्या मैफलीची कॅसेट आली की दोन्ही गावांत फिरायची, आणि वाद घालायला लोक तिकीट काढून यायचे. आपल्या मुलखाचा माणूस म्हणून थोडा पक्षपात होता, नाही असं नाही. पण मला वाटतं, त्यांच्यामुळेच आमच्या कपाटांची दारं पहिल्यांदा एकमेकांकडे उघडली.

या व्यवहाराला काळी बाजूही होती. मैफलीतली कित्येक मुद्रणं गवयाला न विचारता झालेली. त्याच्या घामाचा पैसा त्याला मिळालाच नाही. शिवाय काही संग्राहक असे, की अमुक गवयाचा अमुक राग आपल्याकडे आहे हे सांगायला दहा मैल चालत येतील आणि ऐकवायला दार उघडणार नाहीत. या दुसऱ्या जातीबद्दल मला सहानुभूती नाही. अल्लादिया खाँ किंवा भास्करबुवा बखले यांचं गाणं ऐकायला मिळत नाही याचं दुःख समजू शकतं. जे मुद्रित आहे ते कुलुपात कशाला?

याच्या उलट उदाहरण जरा लांबचं आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचवली. साडेतीन मिनिटांची. तबकडी बाजारात मिळेना, तेव्हा शोधता शोधता ती न्यू यॉर्कमधल्या एका भारतीय माणसाच्या दुकानात सापडली. म्हणजे तिथेही कुणाच्या तरी साठवणीतून निघूनच ती वर गेली. पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. अकोल्याच्या गृहस्थांना हे कळलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, भैरवीच काहून?

आता कपाटं गेली. दर्यापूरच्या एखाद्या मुलीला केसरबाई, अमीर खाँ, वसंतराव सगळे एकाच वेळी, फुकट, मूळ पट्टीत मिळतात, आणि हे चांगलंच झालं. त्या सरसरीत रमण्याचा हट्ट मी तिच्यावर धरणार नाही. फक्त तिला परत करायला कुठे जावं लागत नाही. फोन पुढचं गाणं आपणच लावतो, आधीच्यात काय ऐकलंस असं विचारत नाही. रोज सकाळी मलाही पाच-सहा दुवे येतात, 'अप्रतिम', 'स्वर्गीय' अशा शेऱ्यांसह. बहुतेक पाठवणाऱ्यांनी ते स्वतः शेवटपर्यंत ऐकलेले नसतात, अशी माझी दाट शंका आहे.

अकोल्याचे गृहस्थ आता ऐंशीच्या पुढे आहेत. नातवाकडून फोन शिकले. त्यांचा दुवा आला की शेरा नसतो, नुसता आकडा असतो. परवा मारवा आला, अमीर खाँचाच, खाली लिहिलेलं: १७:४०. तिथे ते धैवतावर थांबतात ती जागा. मी लिहिलं की तिच्याआधी बाराव्या मिनिटाला खर्जात जातात ती जास्त मोलाची. त्यांचं उत्तर आलं, "तुयी अमरावती अजून गेली नाही." मग मी वसंतरावांचा मारवा पाठवला, तोही आकडा न लिहिता. त्यावर अजून काही आलेलं नाही. ऐकत असतील, नाहीतर चिडले असतील.