न वाचलेली ‘मोचनगड’

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी, असे मी पदव्युत्तर वर्गात गेली बारा वर्षे सांगत आलो आहे. कादंबरी मात्र मी वाचलेली नाही. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने तिच्यातील निवेदनाविषयी विचारले, तेव्हा इतरांच्या मतांवर वेळ निभावून नेली. तिला ते कळले असावे.

हरिभाऊंची ‘उषःकाल’, ना. सं. इनामदारांची ‘झेप’, नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ याही टेबलावर थांबून आहेत. वेळ नाही, ही सबब खरी नव्हे. ‘स्वामी’ (१९६२) शाळेत असताना मी दोन रात्रींत वाचली आणि रमा-माधवांसाठी रडलो. पुढे प्रबंधात तिलाच रंजनपर इतिहास म्हणून निकालात काढले. त्या रडण्याचे काय करायचे, हे प्रबंधात कोठेच आले नाही. आता ऐतिहासिक कादंबरी उघडली की तो मुलगा आणि हा परीक्षक दोघेही वाचायला बसतात. मुलगा पुन्हा जिंकला, तर बारा वर्षांची टिपणे बदलावी लागतील. (खरे यांच्या बखरीचे तसे भय वाटत नाही, म्हणजे तिच्याविषयीचे मतही वाचण्याआधीच तयार आहे!)

सोमवारी ‘मोचनगड’ मागायला ग्रंथालयात गेलो. प्रत त्याच विद्यार्थिनीच्या नावावर होती.