बालदी

आमच्या होडीत दोन नांगर असायचे. एक लोखंडी, तळाला रुतणारा. दुसरा म्हणजे बुडाला चार भोकं पाडलेली रंगाची जुनी बालदी. तिची मला लाज वाटायची. मालवणच्या बंदरात शेजारच्या होड्यांवर जीपीएस आणि फिश फाइंडर आले होते आणि आमच्याकडे ही बालदी.

बाबा गरवायला जायचे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की होडी जागेवरून सरकू लागते. शिसं तळाला लागायच्या आत दोरी तिरपी होते. तांबोसा, गोबरा खडपाच्या आसपास तळाशी, आणि आमिष त्यांच्या डोक्यावरून निघून जातं. खडपात नांगर टाकला तर तो अडकतो. कधी दोरी कापूनच परत यावं लागतं. खोल पाण्यात तर तेवढी दोरीच नसते. तेव्हा बालदी.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा दाब चौपट होतो, हे मी कॉलेजात शिकलो. पाणी हवेपेक्षा साधारण आठशेपट दाट असतं, म्हणून पाण्यात ओढली जाणारी एक बालदीसुद्धा वाऱ्याला जड जाते. बाबांना हे आकडे माहीत नव्हते. पण कडी तुटते, म्हणून काठाला तीन भोकं पाडून दोऱ्या ओवायच्या. काठाला लोखंडाचा तुकडा बांधायचा, म्हणजे ती वर तरंगत नाही. दोरी नाळीला बांधायची, म्हणजे होडी लाटेला तोंड देऊन राहते, हे सगळं माहीत होतं. मागे बांधली तर लाट थेट आत येते. बुडाला वेगळी बारीक दोरी असायची. ती ओढली की बालदी उलटी होते आणि पाण्यासकट ओढावी लागत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी इंजिन बंद पडलं. वारा किनाऱ्याकडे नेत होता आणि मध्ये खडप. नांगर टाकला, तो धरेना. मी वल्हं घेतलं. बाबांनी शांतपणे बालदी पाण्यात सोडली.

"बाबा, होडी थांबूक नाय!"

"थांबवूक नाय टाकलंय. माका जरा टायम होयो."

ते प्लग काढून पुसत बसले. मी खडपावर फुटणारा फेस बघत होतो. फेस जवळ येत होता, पण मघापेक्षा हळू. चौथ्या-पाचव्या ओढीला इंजिन लागलं, तेव्हा खडपावरची कालवं दिसत होती. घरी आईला आम्ही दोघांनी काहीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी पुण्यातली नोकरी गेली. दोन महिने घरी कळवलं नाही. रोज वीस-वीस ठिकाणी अर्ज करायचो, रात्री झोप नाही. शेवटी फोन केला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ये हय. दोन दिवस गरवूक जाव."

गेलो. वारा होताच. बाबांच्या खांद्यात आता जोर नाही, म्हणून बालदी मी टाकली. ती लाटेबरोबर उसळून वर येऊ लागली. बाबांनी न बोलता माझ्या हातातली दोरी घेतली आणि अजून दोन वाव सोडली.