आठ वॅटांचा संसार

मध्यमवर्गीय घरात मोठी वस्तू येण्याचे मार्ग तीन. ती लग्नात येते, वडिलोपार्जित म्हणून येते, नाहीतर सेलमध्ये येते. केवळ घरातल्या कर्त्या पुरुषाला हवी म्हणून मोठी वस्तू दारातून आत आल्याचे उदाहरण आमच्या घराण्यात तरी नाही. त्यामुळे स्टिरिओसाठी मोठे स्पीकर घेण्याचा माझा बेत मी चहाच्या वेळी जाहीर केला, तेव्हा घरात पसरलेली शांतता कोणत्याही मीटरवर मोजता आली नसती.

"आहेत त्यांना काय धाड भरलीय?" ही म्हणाली.

धाड काहीच भरली नव्हती. दोन शब्दकोशांच्या मध्ये मावणारे, दिसायला सालस, असे ते स्पीकर होते. पण त्यांच्या कागदावर बारीक अक्षरात एक ओळ होती : संवेदनक्षमता ८४ डेसिबल. स्पीकरला एक वॅट वीज द्यायची, एक मीटरवर उभे राहून आवाज मोजायचा, येईल तो आकडा ही त्याची संवेदनक्षमता. माणसाची मोजायची अशी सोय नाही, ही लग्न जमवणाऱ्यांची केवढी अडचण! ("अहो, तुमची किती असेल?" असे हिने मधेच विचारले. ती एकच गोष्ट चार वेळा सांगते तेव्हा मी मान वर करतो, यावरून तिने आपला आकडा मनाशी काढलेला असावा.)

आता ८४ हा काही नापासाचा आकडा नव्हे. प्रश्न होता तो आमच्या ॲम्प्लिफायरचा. तो माझ्या धाकट्या भावाने स्वतःच्या हातांनी बनवलेला. व्हॉल्व्हचा, आठ वॅटचा. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून एकेक सुटा भाग आणून, दोन पावसाळे खपून त्याने तो उभा केला आणि माझ्या वाढदिवसाला टेबलावर आणून ठेवला. भाऊ जाऊन आता चार वर्षे झाली. व्हॉल्व्ह मात्र संध्याकाळी बटण दाबले की देवघरातल्या निरांजनासारखे उजळतात.

हे आठ वॅट विलंबितापर्यंत ठीक चालत. द्रुत सुरू झाली, तबलजीने चार थापा खणखणीत दिल्या, की आवाज सपाट होई. भर पंगतीत वाढप्याने पातेले खरवडायला घ्यावे तसा.

"भाऊजी, आठ वॅट म्हणजे रात्रीचा दिवा!" मेव्हणे म्हणाले. "दोनशे वॅटचा नवा ॲम्प्लिफायर घ्या आणि तो डबा द्या भंगारात."

ही चटकन उठून आत गेली. तिलाही 'डबा' लागला असावा.

त्या रविवारी पुतणी आली. भावाची लेक, आणि वडिलांसारखीच : चहा निवला तरी चालेल, हिशेब निवता कामा नये. तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. "काका, आवाज तीन डेसिबल वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. सहाला चौपट, नवाला आठपट, बाराला सोळापट." सावकाराच्या व्याजाची चाल ती हीच. "म्हणजे ९६चा स्पीकर आणलात, तर तुमचे हे छोटे जो आवाज आठ वॅट खाऊन काढतात, तोच तो अर्ध्या वॅटात काढेल. बाबांच्या ॲम्प्लिफायरला साडेसात वॅट शिल्लक!"

आमच्या घरात महिन्याअखेर काही शिल्लक राहण्याची भाषा प्रथमच ऐकत होतो.

"मग छोट्यांत जाते कुठे एवढी वीज?"

"उष्णतेत. ८४च्या स्पीकरात हजारातला दीड भाग आवाज होतो. बाकी सगळी गरमी." हजारात दीड! कित्येक समित्यांचे कामकाज याच तत्त्वावर चालत असले पाहिजे.

मग जगाला हे ठाऊक असून छोटे स्पीकर निघालेच का? तर त्यामागे इतिहास आहे. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, त्या काळात बोलपटाच्या थिएटरांतले ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटांचे असत. एवढ्यात अख्खे थिएटर भरायचे, म्हणून पडद्यामागे हे थोरले कर्णे. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली तसला कर्णा घडी घालून घरात आणला. त्याला खोलीचा कोपराच लागतो, कारण त्या भिंतीही कर्ण्याचे काम करतात. पुढे १९५४ साली एडगर विल्चर यांनी हवाबंद छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पेटी लहान झाली, तशी वॅटांची भूक वाढली. पण तोवर ट्रान्झिस्टर आले आणि वॅट स्वस्त झाले. स्वस्त वस्तू माणूस उधळतो, त्यात नवल ते काय?

हॉफमन नावाच्या शास्त्रज्ञाने याचा पोलादी नियमच सांगून ठेवलाय : लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठी संवेदनक्षमता, तिन्हींतली दोनच मिळतील. मुंबईत जागा शोधलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. स्टेशनजवळ, प्रशस्त आणि परवडणारी : दोनच निवडा!

आम्ही संवेदनक्षमता निवडली आणि बराचसा खर्ज. किंमत चौरस फुटांत मोजली. बारा इंची शंकूचा एकेक स्पीकर, पेटी शंभर लिटरची. दोन मिळून एक फ्रीज, फक्त त्यात लिंबूसुद्धा ठेवता येत नाही. हिने टेप घेऊन दिवाणखाना मोजला, मला मोजले, आणि म्हणाली, "शिसवी टेबल आतल्या खोलीत जाईल. भावजींचा ॲम्प्लिफायर बाहेरच राहील." ठराव मंजूर.

स्पीकर जिन्यातून वर चढताना सोसायटीचे सेक्रेटरी खाली उभे होते. मोठा स्पीकर म्हणजे मोठा गोंगाट, ही समजूत आपल्याकडे गणपती मंडळांनी पक्की करून ठेवली आहे. "साहेब, २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबल," त्यांनी तोंडपाठ म्हटले. मी म्हटले, "रात्री नऊला या आणि स्वतःच्या कानांनी मोजा."

ते आले. कुमारांची एलपी लावली होती. आवाज इतका बेताचा, की स्वयंपाकघरात ही ताटे पुसत होती तेही ऐकू यावे. पण तानपुऱ्याची जव्हारी सुटी ऐकू येत होती, डग्ग्याची घूम जमिनीवरून चालत येत होती, आणि द्रुतीतली थाप थापेसारखी पडत होती. बारा इंची शंकूला तोच खर्ज काढायला सहा इंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकेच हलावे लागते, असे पुतणी सांगते. मोठ्या माणसाला मोठ्याने बोलावे लागत नाही, असे मी समजलो.

सेक्रेटरी दहा मिनिटे उभे होते. मग खुर्चीच्या कडेवर टेकले. बाजू संपल्यावर हळूच म्हणाले, "दुसरीकडे काय आहे हो?"

मी एलपी उलटवली. पुतणी ॲम्प्लिफायरजवळ मांडी घालून बसली होती. तिने व्हॉल्व्हच्या उबेपाशी तळहात धरला आणि म्हणाली, "काका, बाबांनी पुरेसे वॅट ठेवले होते. ऐकून घेणारा समोर हवा होता."

यावर ताटे पुसण्याचा आवाज एकदम थांबला. तोही मला पहिल्याच वेळी ऐकू आला.