हल्याळची कवंदी आणि आईची वाकळ

गेल्या डिसेंबरात बेळगावच्या बहिणीकडे गेले, तेव्हा पिशवीत आईची वाकळ घडी करून घेतली होती. आई जाऊन तीन वर्षे झाली. शेवटच्या उन्हाळ्यात तिने ही वाकळ शिवायला घेतली होती. वर-खाली स्वतःची दोन लुगडी, आत बाबांची धोतरे, आणि वरून आम्हा बहिणींच्या जुन्या झंपरांची ठिगळे. मधले टाके सगळे झाले होते. चारही कडा मात्र उघड्याच राहिल्या. दोरे लोंबत होते, आतले थर बाहेर डोकावत होते.

आई नेहमी लुगड्याच्या काठाचा गोट लावीत असे. पण या लुगड्यांचे काठ तिने आधीच दुसऱ्या वाकळेला वापरले होते. गावातल्या एका शिंप्याला वाकळ दाखवली. तो म्हणाला, "सॅटिनची पट्टी लावतो, पण इतक्या जाडीला मशीन चालणार नाही. आतले थर काढावे लागतील." वर हसून म्हणाला, "यापेक्षा नवी रजई घ्या की बाई!" मी वाकळ उचलली आणि घरी आले. आईचे टाके उसवायला मन धजेना.

हे ऐकून बहीण म्हणाली, "ताई, हल्याळकडच्या सिद्दी बायका गोट न लावताच वाकळ शिवतात. एकदा बघून तर येऊ." मेहुण्यांचे एक शिक्षक मित्र तिकडे आहेत. मग काय, दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो.

बेळगावहून खानापूर, नंदगड करीत बस हल्याळकडे जाते. नंदगडला मेहुण्यांनी सांगितले, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली येथेच फाशी दिले. त्याच्या सोबत्यांत गजवीर नावाचा एक सिद्दी वीर होता, असे या भागात सांगतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी उरकली होती, खळ्यांवर मळणी चालली होती. पुढे साग आणि बांबूचे रान सुरू झाले.

सिद्दी म्हटले की आपल्याला मुरूडचा जंजिरा आठवतो. पण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतले सिद्दी किल्ल्यांचे धनी नव्हते. यांतील अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणले होते. जे निसटले ते घाटातल्या या जंगलात शिरले आणि इथलेच झाले. आज त्यांच्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कर्नाटकातील या सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला, तो 2003 साली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर 56 वर्षांनी!

शिक्षकांनी आम्हाला एका वयस्क बाईंच्या घरी नेले. अंगण सारवलेले, ओसरीवर ऊन. त्यांची बोली कोकणी, मराठी आणि कानडी मिसळलेली. निम्मे शब्द आम्हाला कळत, निम्मे शिक्षक सांगत. मी त्यांना मावशीच म्हणू लागले. त्या एक कवंदी शिवीत बसल्या होत्या. कवंदी म्हणजे त्यांची वाकळ.

मी पाहतच राहिले. आपण ठिगळे जोडून, थर अंथरून, मधून शिवत जातो आणि कडा शेवटी बंद करतो. मावशींचे सगळे उलट. खाली जुनी साडी पसरून तिची कड आत दुमडायची. एका कोपऱ्यावर पहिले ठिगळ ठेवायचे, त्याचीही कड आत दुमडायची, आणि दोन्ही दुमडी एकमेकींवर बसवून धावता टाका घालायचा. शेजारी दुसरे ठिगळ, मग तिसरे. असे चारही बाजूंनी फिरत फिरत आत यायचे. शेवटचे ठिगळ मध्यावर बसते. कड पहिल्याच फेरीत पक्की झालेली असते, मग गोट हवा कशाला?

चार कोपऱ्यांवर मात्र चौकोनी कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोण बसवतात. त्यांना 'फुला' म्हणतात. फुलांवाचून कवंदी म्हणजे उघडे अंग, असे त्या बायका मानतात. काही बायका शेवटचे ठिगळ लावताना त्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवतात. कवंदीचे पोट रिकामे राहू नये म्हणून! जंगलात भूक सोसलेल्या माणसांना हे सुचले असेल, असे मला वाटले.

मी पिशवीतून आईची वाकळ काढली. मावशींनी ती उलटीसुलटी केली, टाक्यांवरून हात फिरवला आणि विचारले, "कोणी शिवली?" मी सांगितले. म्हणाल्या, "मधले काही उसवू नको. कडेचे चार बोटे तेवढे उसव." मग त्यांनी एका कोपऱ्यावर करूनच दाखवले. वाचक भगिनींना उपयोगी पडेल म्हणून ते इथे देते.

कडेचे टाके चार बोटे उसवून वरचे आणि खालचे कापड मोकळे करावे. आतले थर दोन बोटे आत कापावेत. कोपऱ्यावर थोडे जास्त, नाहीतर तिथे गाठोडे होते. मग वरचे व खालचे कापड बोटभर आत दुमडून दुमडीला दुमड लावावी. कोपऱ्यावर फूल बसवायचे असेल तर त्याची उघडी बाजू या दोन दुमडींच्या मध्ये सरकवावी. जाड दोऱ्याने अगदी कडेला एक ओळ आणि अर्धे बोट आत दुसरी ओळ घालावी. शेवटी उसवलेली जागा पुन्हा शिवून टाकावी. मशीन नको, पट्टी नको.

निघताना मी विचारले, "मावशी, हिच्या पोटात तांदूळ घालायचे राहिले ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "हिचे पोट तुझ्या आईने भरून ठेवले आहे. तू कडा सांभाळ."

घरी आल्यावर रोज दुपारी थोडी थोडी करीत पंधरा दिवसांत चारही बाजू पुऱ्या केल्या. कापले गेले ते फक्त बाबांच्या धोतराचे काठोकाठचे तुकडे. फुलांसाठी माझ्या मुलीचा लहानपणीचा फ्रॉक वापरला. आईचे टाके सरळ आणि बारीक आहेत, माझे थोडे वाकडे. कुठे तिचे संपतात आणि कुठे माझे सुरू होतात, ते बोटांना कळते.

जानेवारीच्या थंडीत नात आली होती. तिने कपाटातली नवी रजई बाजूला सारली आणि हीच वाकळ ओढून घेतली. कोपऱ्यावरचे फूल मुठीत धरून ती झोपली.