दोन इंजिनं

शेवटी घेतलंच! १९६६ चं पायपर ट्विन कोमांची. माझ्याहून वयानं मोठं, प्रत्येकी १६० हॉर्सपॉवरची दोन लायकॉमिंग इंजिनं. "एक बंद पडलं तरी दुसरं आहेच की," असं बायकोला ऐटीत सांगितलं होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या डोक्याला दुसरं काय सुचणार!

पहिल्याच शनिवारी, इथे कॅलिफोर्नियात, ५,००० फुटांवर प्रशिक्षकाने हळूच उजव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला. विमानाचं नाक उजवीकडे वळलं आणि मी घाबरून नेमकं उजवंच पेडल दाबलं. नाक आणखी वळलं. "जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं," तो शांतपणे म्हणाला. म्हणजे दाबायचा होता डावा.

एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास घटते. कारण बरीचशी ताकद नुसतं उडत राहण्यातच खर्च होते. चढायला मिळते ती शिल्लक. शिवाय चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाकडे फिरवत राहतं. वेगमापकावर ताशी ९० मैलांना लाल रेघ आहे. त्याखाली रडर पुरा पडेलच असं नाही. १०५ ला निळी रेघ. एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचं तर तो वेग धरायचा.

हल्ली रात्री जेवण झाल्यावर खुर्चीत डोळे मिटून पाय हलवत बसतो. काल बायकोने विचारलं, "मग मी कधी बसू?"

म्हटलं, "इंजिनं दोन आहेत गं, पायलट एकच आहे. त्याला अजून थोडे शनिवार दे."